वीस गोळ्यांच्या एका बॉक्समध्ये स्कोप झिरो करायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. ऑस्टिनच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी मुलाने पहिली रायफल घेतली, ३०८ कॅलिबरची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) रुगर अमेरिकन, वर ३-९ बाय ४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) स्वस्तातला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, स्वतःच बसवला, दोन शनिवार रेंजवर जाऊन ६० गोळ्या उडवल्या आणि तरी स्कोप झिरो होत नाही, म्हणजे नेम धरला तिथे गोळी लागत नाही. एक गोळी चार इंच डावीकडे जाते, स्कोपवरची नेम सरकवायची चकती (टरेट) काही क्लिक फिरवली की पुढची तीन इंच उजवीकडे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणाचा सीझन उघडतोय, हातात दीडशे डॉलर आहेत, आणि तो विचारतोय, "काका, नवीन स्कोपच घेऊन टाकू का?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. नवीन स्कोप घेऊ नकोस. निदान आत्ता नको. तू जे लिहिलंयस त्यात स्कोप खराब असल्याचा पुरावा मला कुठेच दिसत नाही, एकेका गोळीच्या मागे धावल्याचा मात्र दिसतो. मी मूळचा सातारचा, टेक्सासात सतरा वर्षं झाली, आणि गेली आठ वर्षं आमच्या क्लबच्या रेंजवर महिन्यातले दोन रविवार सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो. दर ऑक्टोबरला हेच बघतो, माणूस एक गोळी मारतो, दुर्बिणीतून बघतो, टरेट फिरवतो, परत एक मारतो, परत फिरवतो, तासाभरात दोन बॉक्स संपतात, नळी हात लावला तर चटका बसेल इतकी तापते आणि खांदा सुजतो.

अरे, रायफल एकाच भोकातून सगळ्या गोळ्या काढत नाही. तुझ्यासारख्या साध्या शिकारी रायफलचा १०० यार्डावरचा तीन गोळ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) दीड इंचाचा आला तरी ती चांगली रायफल आहे. म्हणजे काहीही न हलवता पुढची गोळी इंचभर इकडे किंवा इंचभर तिकडे जाणारच, तो तिचा स्वभाव आहे. त्यात तुझं दचकणं, टेकण हलणं हे सगळं मिळवलं की तीन-चार इंच सहज होतात. तू त्या एका गोळीला खरं मानून १६ क्लिक फिरवलेस, म्हणजे जी चूक कदाचित स्कोपची नव्हतीच ती आता स्कोपमध्ये घातलीस.

मी कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा पॉइंट टू टू रायफलने २५ यार्डावर पाच-पाच गोळ्या मारायला मिळायच्या, वर्षातून एखाद-दोन वेळाच, त्यामुळे एकेक गोळी सोन्यासारखी. आमचे उस्ताद तीनच गोष्टी घोकून घ्यायचे, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), सही ट्रिगर. आणि टार्गेट बघताना गोळ्या मधल्या काळ्यात लागल्या की नाही हे ते आधी बघायचेच नाहीत, पाचही भोकं किती जवळ आहेत ते बघायचे. एका कोपऱ्यात का असेना, पाच एकत्र असतील तर शाबासकी, आणि पसरलेल्या पाचातली एक अगदी मध्यात असली तरी तिला किंमत शून्य. नंतर त्या पाचांचा मध्य पेन्सिलने काढायचे, त्याला एमपीआय म्हणतात. साइट हलवायची ती त्या मध्याच्या हिशोबाने. तीस वर्षांनी स्कोप झिरो करताना मी अजून तेवढंच करतो, आणि स्वस्तात काम करायचं असेल तर याच्यापलीकडे कुठलीही युक्ती नाही, ग्रुप दिसेपर्यंत टरेटला हात लावायचा नाही.

पण रेंजवर जायच्या आधी घरचं काम आहे, आणि तिथेच निम्मे प्रॉब्लेम सुटतात, एकही गोळी न उडवता.

माझी पहिली रायफल मीपण अशीच बसवली होती, डब्यातल्या त्या छोट्या एलन कीने, हाताच्या अंदाजाने. रेंजवर चाळीसेक गोळ्या झाल्यावर शेजारच्या बेंचवर एक म्हातारे गृहस्थ होते ते म्हणाले, बोल्ट उघडा ठेव, जरा बघू. त्यांनी नळी डाव्या हातात धरली, उजव्या हाताचा अंगठा स्कोपच्या आयपीसच्या (डोळ्याकडच्या टोकाच्या) बाजूला लावला आणि हळूच दाबला. आवाज झाला नाही, पण रिंगच्या (स्कोप धरणाऱ्या कड्याच्या) खाली बेस, म्हणजे रिंग बसते ती पट्टी, आणि रिसिव्हर, म्हणजे रायफलचा मधला धातूचा भाग, यांच्या फटीत तेलाची एक बारीक रेघ चमकली आणि अंगठा काढल्यावर परत गेली. बेसचा एक स्क्रू ढिला होता. कागदाची जाडी असेल, तेवढीच हालचाल. आता हिशोब बघ, दोन रिंगांमध्ये पाच इंचाचं अंतर धरलं आणि मागचं टोक इंचाच्या हजाराव्या भागाइतकं जरी सरकलं तरी १०० यार्डावर, म्हणजे ३६०० इंचांवर, पाऊण इंचाचा फरक पडतो. पाच हजारांश सरकलं की साडेतीन इंच. तुझे चार इंच डावीकडे आणि तीन इंच उजवीकडे याच्यातूनही येत असतील अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा आधी रायफल रिकामी आहे ना ते बघ, मॅगझिन काढ, बोल्ट काढ, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) बोट घालून खात्री कर आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव. मग स्कोप सगळा उतरव. बेसचे स्क्रू काढ, स्क्रू आणि भोकं दोन्ही अल्कोहोलने पूस, कारखान्यातून आलेलं तेल तिथे असतंच आणि तेलावर स्क्रू धरत नाही. बेसच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक), थेंबभरच. घट्ट किती करायचं हे हाताला कळत नाही, मला सतरा वर्षांनंतरही कळत नाही, त्यासाठी इंच-पाउंडाचा टॉर्क ड्रायव्हर लागतो, तीस-चाळीस डॉलरला साधा मिळतो, आणि तुझ्या दीडशेतला पहिला खर्च हाच. रिंगच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, बेसचे आणि ॲक्शनचे (रायफल स्टॉकला धरणारे) स्क्रू रायफलच्या आणि बेसच्या माहितीपुस्तिकेत जो आकडा दिलाय तेवढे. जास्त ताकद लावून आवळलंस तर स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकते, मग क्लिक फिरतो पण आत काही हलत नाही. रिंगा रेलच्या (म्हणजे बेसच्या) खाचेत बसवताना पुढे, नळीच्या तोंडाकडे, ढकलून धर आणि मग आवळ, म्हणजे धक्क्याने सरकायला जागाच राहत नाही. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढ, बायकोकडे मागून घे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, रेंजवर एका नजरेत कळतं.

रिंगा पक्क्या आवळायच्या आधी दोन गोष्टी. एक म्हणजे डोळ्याचं अंतर. रायफल खांद्याला लाव, डोळे मिटून गाल दस्त्यावर आरामात टेकव, मग डोळे उघड, पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. हे ९ पॉवरवर ठेवून बघ कारण तिथे जागा कमी असते. साधारण साडेतीन इंच अंतर राहतं, त्याच्या आत आलास तर ३०८ च्या धक्क्याने स्कोपची कड भुवईवर बसते आणि अर्धचंद्रासारखी खोक पडते, आमच्या रेंजवरच्या फर्स्ट एडच्या डब्यातल्या पट्ट्या मुख्यतः त्यालाच संपतात. दुसरं म्हणजे क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) सरळ उभा असणं. यासाठी विकतचं काही नको, गवंड्याचा ओळंबा कर, सुतळीला एक जड नट बांधून बॅकयार्डच्या कुंपणाला लटकव, रायफल सपाट ठेवून क्रॉसहेअरची उभी रेघ सुतळीशी जुळव. रेघ तिरकी राहिली तर वरचे क्लिक देताना गोळी थोडी बाजूलाही सरकते आणि मग तू डावं-उजवं करत बसतोस.

आयपीसची मागची रिंग पण फिरवून घे, पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे झटकन बघायचं, क्रॉसहेअर पहिल्या क्षणी स्पष्ट दिसला पाहिजे. टक लावून बघितलंस तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. आभाळाकडे बघताना सूर्य जवळपासही नको.

आणखी एक फुकटची तपासणी, एक डॉलरची नोट घे, नळी आणि स्टॉक (नळीखालचा सांगाडा) यांच्या मधून सरकव, पुढून थेट चेंबरजवळपर्यंत. तुझ्या रायफलची नळी मोकळी तरंगती आहे, म्हणजे नोट कुठेही अडकायला नको. पण प्लास्टिकचा स्टॉक लवचिक असतो, पुढच्या टोकाला टेकण दिलंस की तो वाकून नळीला चिकटतो आणि प्रत्येक वेळी वेगळा दाब पडून ग्रुप फाटतो. म्हणून टेकण पुढच्या टोकाला नाही, मॅगझिनच्या जरा पुढे, जिथे स्टॉक कडक आहे तिथे दे. आणि नळी तर कधीच कशावर टेकवू नकोस.

आता टेकण. दुकानात लेड स्लेड (रायफल धरणारी जड चौकट) वगैरे दीड-दोनशेला मिळतात, त्याची गरज नाही. देसी ग्रोसरीत बासमतीची जी २० पाउंडाची चेनवाली पिशवी मिळते ती रिकामी असेल तर तिच्यात वाळू भर, पूर्ण टम्म नाही, तीन चतुर्थांश, म्हणजे वर खळगा करता येतो आणि रायफल त्यात बसते. मी पहिली चार वर्षं हेच वापरलं आणि ते अजून गॅरेजमध्ये आहे. मागे दस्त्याच्या खाली जाड मोज्यात तांदूळ भरून गाठ मारलेली पिशवी, डाव्या हाताने ती दाबली की क्रॉसहेअर वर-खाली होतो, बाकी हाताने रायफल उचलायची नाही. मोजा दाबून क्रॉसहेअर टार्गेटवर आणला, श्वास अर्धा सोडला, आणि क्रॉसहेअर तिथेच थांबला पाहिजे, तू धरून ठेवलायस म्हणून नाही तर पिशव्यांवर बसलाय म्हणून. सोडला की सरकतोय असं दिसलं तर पिशव्या परत लाव, गोळी मारू नकोस.

टार्गेटसाठी मोठं खोकं फाडून दोन बाय तीन फुटाचा पुठ्ठा घे, त्यावर पांढरा कागद, मार्करने एकेक इंचाच्या रेघा आणि मध्ये दोन इंचाचा काळा चौकोन. मोठा कागद का, तर पहिली गोळी दहा इंच बाजूला लागली तरी कळली पाहिजे कुठे लागली. छोट्या टार्गेटवर "कागदावरच नाही लागली" म्हणून लोक पाच-सहा गोळ्या घालवतात.

रेंजवर गेल्यावर पहिलं काम बोअरसाइट, म्हणजे नळीतून बघून स्कोप जुळवणं, आणि तुझ्या बोल्ट ॲक्शनला ते फुकटात होतं, लेझर घ्यायची काही गरज नाही. २५ यार्डावर टार्गेट लाव, लाइन चालू झाली (गोळीबाराला परवानगी मिळाली) की बोल्ट काढ, रायफल पिशव्यांवर ठेव आणि मागून नळीच्या आतून बघ. नळीच्या गोलाच्या बरोब्बर मध्ये काळा चौकोन येईल अशी रायफल बसव. मग रायफलला अजिबात धक्का न लावता डोकं वर करून स्कोपमधून बघ, आणि क्रॉसहेअर त्याच चौकोनावर येईपर्यंत टरेट फिरव. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, क्रॉसहेअर चौकोनाच्या वर दिसत असेल तर टरेट अप कडे फिरवायचा. उलटं वाटतं, पण अप म्हणजे गोळी वर जाणार, आणि त्यासाठी आत क्रॉसहेअर खाली सरकतो. दोन-तीन वेळा नळीतून, स्कोपमधून, परत नळीतून, असं बघून खात्री कर. पाच मिनिटं लागतात.

एक सांगतो आणि हे मी हात जोडून सांगतो, सीझफायर (गोळीबार बंद) झाला, लोक टार्गेटकडे चालत गेले की रायफलला हात लावायचा नाही, बोल्ट काढलेला असला तरी नाही, स्कोपमधून "नुसतं बघायला" सुद्धा नाही. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये फ्लॅग (रिकामं असल्याची खूण), आणि तू बेंचपासून मागे. नवीन मुलं बोअरसाइटच्या नादात हे विसरतात आणि मला ओरडावं लागतं. कानात फोमचे प्लग आणि त्यावर मफ, दोन्ही, ३०८ चा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो आणि छपराखाली तर जास्तच, कान एकदा गेला की परत येत नाही. माझ्या डाव्या कानात पहिल्या वर्षीच्या निष्काळजीपणाची शिट्टी अजून वाजते, रात्री शांत झालं की ऐकू येते.

आता २० गोळ्यांचा तुझा एक बॉक्स उघड. ज्या गोळीने शिकार करणार त्याच कंपनीची, त्याच वजनाची. स्वस्त एफएमजेवर (सरावाच्या, धातूच्या आवरणाच्या गोळीवर) झिरो करून शिकारीला दुसरी गोळी लावली तर १०० यार्डावर दोन-तीन इंचाचा फरक पडू शकतो, मग झिरो कशाला केला?

२५ यार्डावर एकच गोळी मार. बोअरसाइट नीट झाला असेल तर ती कागदावर दोन-तीन इंचाच्या आत असते, आणि एवढ्या जवळून रायफलचं पसरणं अर्ध्या इंचाच्याही आत असतं, म्हणून फक्त इथे एका गोळीवर विश्वास ठेवता येतो. तुझा स्कोप पाव एमओएचा आहे, म्हणजे एका क्लिकला नेम पाव एमओए (कोनाचं माप) सरकतो. एक एमओए म्हणजे १०० यार्डावर इंचाला किंचित जास्त, १.०४७ इंच, म्हणजे एक क्लिक १०० यार्डावर पाव इंच, ५० वर इंचाचा आठवा भाग आणि २५ वर सोळावा भाग. उलटं लक्षात ठेव, एक इंच सरकवायला १०० वर ४ क्लिक, ५० वर ८, २५ वर १६. इथे लोकांचं चुकतं, २५ यार्डावर तीन इंच डावीकडे लागली म्हणून १२ क्लिक देतात आणि गोळी पाऊण इंच सरकली की म्हणतात स्कोप खराब. लागतात ४८.

आणि २५ यार्डावर नेमकं मध्यात आणायचंच नाही. स्कोप नळीच्या दीडेक इंच वर बसलेला असतो, त्यामुळे १५० ग्रेन वजनाची ३०८ ची गोळी १०० यार्डावर मध्यात लागायची असेल तर २५ वर ती अर्धा ते पाऊण इंच खाली लागली पाहिजे. २५ वर मध्यात आणलीस तर १०० वर साधारण अडीच इंच वर जाते. तेव्हा समज पहिली गोळी तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली लागली, तर उजवीकडे ४८ क्लिक, आणि वर फक्त २० च्या आसपास. मग दुसरी गोळी मारून खात्री कर. दोन गोळ्या झाल्या, २५ यार्डाचं काम संपलं.

१०० यार्डाला तीन गोळ्या. प्रत्येकीच्या मध्ये मिनिटभर थांब, आणि मधून दुर्बिणीने बघू नकोस, बघितलंस की पुढची गोळी तू नकळत "सुधारून" मारणार. तिन्ही एकाच ठिकाणी नेम धरून. तीन भोकांचा त्रिकोण होईल, त्याचा मध्य पेनाने काढ, आणि त्या मध्यापासून चौकोनाच्या मध्यापर्यंत मोज. समज अडीच इंच खाली आणि दीड इंच डावीकडे, तर १० क्लिक वर, ६ उजवीकडे. एखादी गोळी सोडताना तुला स्वतःलाच कळलं की दचकलो, तर ती तेव्हाच बोलून टाक, "ही माझी चूक", आणि त्या जागी चौथी मार. भोक बघून मग ठरवायचं नाही.

स्वस्त स्कोपमध्ये क्लिक दिल्यावर आतला भाग कधीकधी लगेच सरकत नाही, पहिल्या धक्क्याने सरकतो. म्हणून हवं त्यापेक्षा चार-पाच क्लिक पुढे जाऊन परत ये, आणि टरेटवर नाण्याने दोन-तीन टिचक्या मार. जुनी पद्धत आहे पण चालते.

मग दहा मिनिटं थांब. शिकारी रायफलची नळी पातळ असते, तापली की गोळ्या सरकतात, शिवाय नळीतून निघणारी गरम हवा टार्गेट लहरताना दाखवते. बोल्ट उघडा ठेवून रायफल सावलीत उभी करून ठेव, चहाचा थर्मास आण, लोक काय करतात ते बघ. त्यानंतर परत तीन, परत मध्य, परत मोज. या वेळी फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर काहीही करू नकोस, कारण दीड इंचाचा ग्रुप मारणाऱ्या रायफलच्या तीन गोळ्यांचा मध्य स्वतःच तीन-चार दशांश इंच इकडे-तिकडे होतो, एका क्लिकची दुरुस्ती तिथे निव्वळ भ्रम आहे. मग परत दहा मिनिटं आणि खात्रीच्या तीन. सगळ्या मिळून ११, एखाद-दोन दचकलेल्या धरून १३. बॉक्समध्ये सात उरल्या, त्या शिकारीला.

वाऱ्याचं एक. ताशी १० मैलाचा आडवा वारा १०० यार्डावर ३०८ ला पाऊण इंच सरकवतो. तो स्कोपमध्ये घालू नकोस, नाहीतर वारा नसलेल्या दिवशी चूक होईल. टेक्सासात सकाळी लवकर वारा पडलेला असतो, रेंज उघडताना जा.

अंतराचं गणित पण डोक्यात ठेव. १०० वर मध्यात असलेली ही गोळी २०० यार्डावर साडेतीन-चार इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचाचा, म्हणजे त्याच्या मध्यावर नेम धरलास तर २०० ला चार इंच खाली म्हणजे अगदी कडेवर. अनेक जण म्हणून १०० वर दीड-दोन इंच वर ठेवतात. तुझी पहिली शिकार आहे, हिल कंट्रीच्या (मध्य टेक्सासच्या टेकड्यांच्या) झाडीत बहुतेक शॉट १०० च्या आतच मिळेल, तू बरोब्बर १०० ठेव आणि १५० च्या पुढे मारूच नकोस.

हे एवढं का सांगतो, तर माझ्या तिसऱ्या सीझनला ट्रकमध्ये रायफल आडवी पडली होती आणि मी परत तपासली नाही. सकाळी ९० यार्डावर हरीण, व्यवस्थित उभं, मी आरामात गोळी सोडली आणि ते कंबरेपाशी लागलं. सीडरच्या झुडपांतून रक्ताचे थेंब बघत चार तास चाललो, एका दगडावर रक्त अजून ओलं होतं आणि त्यात तपकिरी केस चिकटलेले, त्याच्या पुढे माग संपला. ते सापडलं नाही. नंतर टार्गेटवर बघितलं तर रायफल अकरा इंच डावीकडे मारत होती. एका डॉलरची गोळी वाचवली होती मी त्या आदल्या दिवशी. म्हणून कॅम्पवर पोचलास की शिकारीच्या आदल्या दिवशी, रँचमालकाला विचारून, एक गोळी गार नळीतून टार्गेटवर मारायचीच. झिरोमध्ये सगळ्यात जास्त महत्त्वाची गोळी तीच, कारण हरणाला लागणारी गोळीही गार नळीतलीच असते.

आता स्कोप खरंच खराब आहे का, हे पण गोळ्या न उडवता बघता येतं. रायफल पिशव्यांमध्ये घट्ट बसव, २५ यार्डावर तो एक इंचाच्या चौकटींचा कागद लाव, क्रॉसहेअर एका छेदावर ठेव आणि वर ६४ क्लिक दे. क्रॉसहेअर चार इंच आणि जरासा खाली गेला पाहिजे. मग उजवीकडे ६४, खाली ६४, डावीकडे ६४, आणि तो निघाला होता तिथेच परत आला पाहिजे. पाव इंचाच्या आत आला तर तुझ्या कामाला स्कोप उत्तम आहे, कारण शिकारीत तू एकदा झिरो करून टरेटवर टोप्या लावणार आणि परत टरेटला हात लावणार नाहीस. परत आलाच नाही, किंवा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागी आला, तर मात्र बदल. वॉरंटी असेलच, आधी ती वापर.

पॅरालॅक्सपण बघून घे, रायफल न हलवता डोकं किंचित डावी-उजवीकडे कर, क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसला तर गाल दर वेळी एकाच जागी टेकवणं गरजेचं आहे. सेंटरफायरच्या (३०८ सारख्या मोठ्या रायफलच्या) साध्या स्कोपला हे बहुतेक १०० यार्डाला जुळवलेलं असतं, त्यामुळे २५ वर थोडं हलणारच, घाबरू नकोस.

आणि तुझं दचकणं. ६० गोळ्या दोन शनिवारी खाल्ल्यावर दचकणं बसतंच, त्यात लाज नाही. घरी रिकाम्या रायफलने, भिंतीवरच्या ठिपक्यावर, रोज वीस वेळा ट्रिगर दाब, स्नॅप कॅप (खोटी गोळी) घालून, खट् आवाज झाल्यावर क्रॉसहेअर ठिपक्यावरच राहिला पाहिजे. रेंजवर मित्राला सांग, तुला न दाखवता कधी खरी गोळी तर कधी स्नॅप कॅप भर. स्नॅप कॅपवर नळीने खाली डुबकी मारली की तुला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. पुढे पैसे जमले की एक पॉइंट टू टू घे, तिची गोळी दहा-बारा सेंटला पडते, ३०८ ची एक डॉलरच्या वर. सराव तिच्यावर, झिरो हिच्यावर.

तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे असं तू लिहिलंयस म्हणून रायफलचं ठीक आहे, पण हे वाचणारे बाकीचे जे एच-१बी वर आहेत त्यांनी नीट ऐका, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची रायफल रेंजवर "जरा बघू" म्हणून हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. आणि तू हंटर एज्युकेशन केलंयस ना? टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ते लागतं.

म्हणजे तुझे दीडशे असे जातील, टॉर्क ड्रायव्हर चाळीस, गोळ्यांचा एक बॉक्स तीस, स्नॅप कॅप आणि थ्रेडलॉकर वीस, रेंजची फी वीस, वाळूची गोणी पाच. बाकीचे ठेव, दुसऱ्या बॉक्सला होतील. बेस उतरवलास की आधी स्क्रू किती ढिले होते ते मला सांग, आणि १०० यार्डाच्या पहिल्या तीन गोळ्यांचा फोटो टाक, टरेटला हात लावायच्या आधीचा.